मन मोजायचं, पण कुणाच्या कामासाठी?

दवाखान्यात दाखल झालेल्या माणसाचा ताप, नाडी, रक्तदाब लिहून घेतात, तसं त्याचं मनही ठरावीक प्रश्न विचारून मोजावं का, हा वाद आता बेळगावातही पोचलाय. डॉक्टरांच्या बैठकीत, सेवाभावी संस्थांच्या कार्यक्रमात, मोबाइलवरच्या ग्रुपात तो ठरलेल्या सुरांत चालतो. एक सूर म्हणतो, मन म्हणजे काय साखर आहे का काट्यावर टाकायला? दुसरा म्हणतो, मोजल्याशिवाय सुधारणा होत नसते. फॉर्म छापा, भरून घ्या, तक्ते करा. आमच्या भागात तिसरा सूर असतोच: फॉर्म कन्नडमध्ये का, मराठीत का नाही? तिन्ही सुरांकडे काही ना काही मुद्दा आहे आणि तिघंही मूळ प्रश्नाला बगल देतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. मोजावं, जरूर मोजावं. पण ज्या आकड्यामुळे त्याच वॉर्डातल्या कुणाला तरी दुसऱ्या दिवसाच्या आत खुर्चीवरून उठावं लागेल, तेवढाच आकडा घ्यावा. जो नुसता अहवालात जाऊन बसणार आहे, तो गोळा करणं म्हणजे आजारी माणसाला वेठीला धरणं आहे.

पहिल्या सुराचं आधी ऐकू, कारण त्यात दम आहे. रक्तदाबाचं यंत्र पेशंटला काही विचारत नाही. मनाचं मोजमाप मात्र त्याच्या सांगण्यावरच उभं असतं. तो लाजला, घाबरला, एवढी धावपळ करणाऱ्या डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून ‘बरं हाय की’ म्हणाला, की आकडा खोटा ठरला. आणि आपल्याकडचा पेशंट तसं म्हणतोच. हे सगळं मान्य. पण म्हणून विचारायचंच नाही? वेदना तरी कुठल्या यंत्रात दिसते? ऑपरेशननंतर शून्य ते दहापैकी किती दुखतंय हे विचारूनच औषधाची मात्रा कमी-जास्त करतात, आणि त्यावर कुणी तत्त्वज्ञान सांगत बसत नाही. कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टरनं सुमारे २५ हजार रुग्णांच्या तापाच्या नोंदी १८६८ मध्ये ग्रंथरूपानं मांडल्या, तोवर कपाळावर हात ठेवून ताप ओळखणं हाच डॉक्टरी अनुभव समजला जाई. तापमापकानं तो हात काढून घेतला का? चांगल्या डॉक्टरनं दोन्ही ठेवले.

शिवाय या प्रश्नावल्या तयार करणारी माणसं टीकाकारांना वाटतात तितकी भोळी नव्हती. झिग्मंड आणि स्नेथ या दोघांनी १९८३ मध्ये खास दवाखान्यातल्या रुग्णांसाठी १४ प्रश्नांची पट्टी केली. सात प्रश्न चिंतेचे, सात उदासीचे, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. एका बाजूचे ११ किंवा जास्त झाले तर लक्ष द्यायचं. त्यांनी त्यातून डोकेदुखी, थकवा, झोप न लागणं या तक्रारी मुद्दाम बाहेर ठेवल्या. मूत्रपिंड निकामी झालेला माणूस थकलेला असणारच; त्या थकव्याला उदासीचे गुण दिले तर सगळा डायलिसिस विभाग मनोरुग्ण ठरेल, हे त्यांना कळत होतं. उलट आज सगळीकडे चालणाऱ्या, उदासी मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या ‘पीएचक्यू-९’ या पट्टीमध्ये झोप, भूक, थकवा तिन्ही आहेत. ती बाह्यरुग्ण विभागात उपयोगी पडते, पण सर्जरी वॉर्डात तिचा आकडा जपून वाचावा लागतो. आणि दोन्हींपैकी एकही पट्टी निदान करत नाही. या माणसाशी कुणा जाणत्यानं नीट बसून बोलायला हवं, एवढीच ती सूचना आहे. ‘मन मोजता येतं का’ हा प्रश्न व्याख्यानमालेसाठी उत्तम. वॉर्डातला प्रश्न फार साधा आहे: चाळीस खाटांपैकी आज कुठल्या चार खाटांशी थांबायचं?

न विचारता ते कळतं, असं अनुभवी मंडळी म्हणतात. खरंच कळतं? जो रडतो, ओरडतो, सलाईन उपसून काढतो, तो कळतो. भिंतीकडे तोंड करून गप्प पडलेला पेशंट मात्र सगळ्या वॉर्डात शहाणा गणला जातो. माँट्रियलमधल्या नॅन्सी फ्रेझर-स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवलं की हृदयविकाराच्या झटक्यानंतर उदासीत गेलेल्या रुग्णांचं पुढच्या सहा महिन्यांत मरण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतं. हृदय किती बिघडलंय हे लक्षात घेऊनही तो फरक उरला. इथं प्रामाणिकपणे पुढचंही सांगायला हवं, जे मोजमापाचे पुरस्कर्ते सहसा सांगत नाहीत. २००३ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत अशा रुग्णांवर मानसोपचार केले. उदासी कमी झाली, पण मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून मोजणं फुकट गेलं का? माझ्या मते नाही. उदासी कमी होणं हाच फायदा आहे. तो सिद्ध करायला दरवेळी मरणाचा आकडा कशाला पुढे करायचा?

तरीही कुणाला हे परदेशी वाटत असेल तर आपल्या मेडिसिन वॉर्डात या. शेतातलं औषध प्यायलेला पेशंट आपल्या भागातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्याला नवा नाही. त्याचं काय काय मोजतात बघा. नाडी, श्वास, डोळ्यांतली बाहुली, विषावरचं अॅट्रोपिन किती गेलं, लघवी किती झाली, सगळं वेळ घालून लिहिलेलं. पोलिसांसाठी एमएलसीची नोंद वेगळी. मग तो शुद्धीवर येतो, उठून बसतो, नातेवाईक हात जोडतात आणि डिस्चार्ज होतो. जी गोष्ट त्याला दवाखान्यात घेऊन आली, तेवढीच एक त्या जाड केसपेपरमध्ये नसते. ‘पुन्हा मरावंसं वाटतंय का?’ हे विचारलं तर नसलेली कल्पना डोक्यात शिरेल, अशी भीती अजून शिकलेली माणसंही घालतात. अभ्यासांनी ती भीती खोटी ठरवलीय. कायद्याचा अडसर म्हणाल तर तोही गेला. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलमही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत तसंच्या तसं आलेलं नाही. मग न विचारण्याला सवयीखेरीज कारण काय उरलं?

आता दुसऱ्या सुराकडे वळतो, कारण मला खरी धास्ती त्याचीच वाटते. मोजमापाच्या विरोधकांपेक्षा त्याच्या भक्तांनी रुग्णांचं जास्त नुकसान केल्याचं एक ढळढळीत उदाहरण आहे. अमेरिकेतल्या वेदनातज्ज्ञांच्या संघटनेनं १९९५ च्या सुमारास मागणी केली की नाडी, ताप, श्वास, रक्तदाब यांच्या बरोबरीनं वेदना हे पाचवं लक्षण मानून दरवेळी नोंदवावं. हेतू शंभर टक्के चांगला. रुग्ण विनाकारण तळमळत होते. १९९९ मध्ये माजी सैनिकांच्या दवाखान्यांनी ते स्वीकारलं, २००१ मध्ये दवाखान्यांना मान्यता देणाऱ्या संस्थेनं ते आपल्या निकषांत घेतलं. पुढे रुग्णांच्या समाधानाच्या पाहणीत वेदनेचे प्रश्न आले आणि त्या पाहणीवर दवाखान्याला मिळणाऱ्या पैशाचा काही भाग ठरू लागला. आकडा खाली आला पाहिजे, मग तो कसाही येवो. आकडा खाली आणायचा सोपा रस्ता म्हणजे अफूच्या जातीची गोळी. त्या देशात पुढे व्यसनाचं आणि मृत्यूंचं जे थैमान झालं, त्याला औषध कंपन्यांचा दिशाभूल करणारा प्रचार हे मोठं कारण होतंच. पण केसपेपरवरच्या त्या एका आकड्यानं दार उघडून दिलं. २०१६ मध्ये तिथल्या वैद्यकीय संघटनेला ‘पाचवं लक्षण’ हा शब्दप्रयोग सोडा, असा ठराव करावा लागला. उद्या आपल्याकडे ‘मनःस्वास्थ्य गुणांक’ दवाखान्याच्या दर्शनी भागात लावायचा ठरला, तर वेगळं काय होणार आहे? उदास पेशंटला सरसकट झोपेची गोळी, नाहीतर फॉर्म भरताना शेजारी हसतमुख कर्मचारी. दुसरा उपाय स्वस्त आहे, म्हणून तोच आधी येईल.

येईल कशाला म्हणायचं, आलाच आहे. डिस्चार्जच्या वेळी हातात दिला जाणारा तो अभिप्रायाचा कागद आठवा. जेवण कसं होतं, स्वच्छता कशी होती, सिस्टर नीट बोलल्या का. केंद्र सरकारची ‘मेरा अस्पताल’ ही व्यवस्था २०१६ पासून आहे, दर्जाच्या मानांकनासाठीही रुग्णांचं समाधान विचारावं लागतं. त्यात वाईट काही नाही. संडास घाण असेल तर ते कळायलाच हवं. पण हे दवाखान्याचं प्रगतिपुस्तक झालं. ते रुग्णाच्या मनाचं मोजमाप म्हणून मिरवायला लागलं की गफलत होते. बिल भरून, पिशव्या आवरून, बाहेर रिक्षा उभी करून घरी निघालेला माणूस त्या क्षणी सुटकेच्या आनंदात असतो. त्याला पाचपैकी किती चांदण्या विचारायच्या आणि त्यावरून त्याचे मागचे नऊ दिवस कसे गेले ते ठरवायचं, याला काय म्हणावं?

सीमाभागाला तरी आकड्यांचा हा खेळ नवीन नाही. १९५६ पासून आमच्या गावांची ओळख टक्क्यांत केली जाते. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ मध्ये अहवाल दिला. त्याच्या आधी आणि नंतरही कुठल्या गावात कुठल्या भाषेचे किती टक्के, हे दोन्ही बाजूंना तोंडपाठ असतं. त्या गावात प्यायला पाणी किती टक्क्यांना मिळतं, हे विचारणारे तुलनेनं थोडे. अलीकडचं बघा: महाराष्ट्रानं २०२३ मध्ये आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकानं हरकत घेतली, आणि काही दिवस खानापुरातला किंवा निपाणीतला हृदयरोगी दोन राज्यांच्या वादातला पुरावा होऊन बसला. त्याच्या छातीत काय धडधडत होतं याची विचारपूस कुठल्या सरकारनं केली? मला भीती ही, की मनाच्या मोजमापाचंही असंच होईल. ‘मराठी रुग्ण जास्त उदास’ असा तक्ता हाती लागला की तो मोर्चात जाईल, आणि ‘तसा काही फरक नाही’ असा आला की कर्नाटकाच्या विधानसौधातल्या सरकारी उत्तरात. तक्त्यातला माणूस तिथंच खाटेवर.

फॉर्मच्या भाषेचा मुद्दा मात्र मी हलका मानत नाही. कळत नसलेल्या भाषेत दिलेलं उत्तर हे उत्तरच नसतं, मग पेशंट खानापूरचा मराठी असो की बैलहोंगलचा कन्नड, की कॅम्पातला उर्दू बोलणारा. पण नुसतं भाषांतर करून छापणंही पुरत नाही. इंग्लंडात ठरलेली ११ ची किंवा अमेरिकेत ठरलेली ‘पीएचक्यू-९’ची १० ची रेघ जांबोटीच्या शेतकऱ्याला तशीच लागू पडते का, हे इथल्याच रुग्णांशी मानसोपचारतज्ज्ञाच्या प्रत्यक्ष मुलाखती घेऊन ताडून बघावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे, त्यात घोषणा नाहीत, म्हणून फॉर्मच्या भाषेसाठी निवेदन देणारे त्याबद्दल बोलत नाहीत. इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत दरवर्षी प्रबंध लिहिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांची काय कमी आहे?

भाषेपेक्षाही मोठी अडचण खाटेशी उभी असते. सासरा खाटेवर, सून उशाशी, मुलगा औषधं आणायला खाली. अशा वेळी सिस्टर विचारणार, ‘मामा, तुम्हाला कुणावर ओझं झाल्यासारखं वाटतंय का?’ मामा काय सांगणार? किंवा बाळंतिणीला सासूदेखत विचारा, रडू येतं का म्हणून. दोन खाटांमध्ये हातभर जागा नसलेल्या जनरल वॉर्डात गुपित राहतं कुठे? त्यात ‘ह्याला धारवाडला न्यायला पाहिजे’ हे आमच्याकडे अजून चेष्टेचं वाक्य आहे. तिथलं मनोरुग्णालय आता मोठी शिक्षणसंस्था झालं, तरी नावाची धास्ती गेली नाही. विचारणाऱ्यावर विश्वास नसला की माणूस काय करतो, हे आपण १८९७ मध्ये बघितलंय. पुण्यात प्लेगची तपासणी करायला सोजीर घराघरांत शिरले तेव्हा लोकांनी रोगी माळ्यावर लपवले, प्रेतं लपवली. त्याच शहराबाहेर, त्याच प्लेगात, सावित्रीबाई फुले आणि डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रोगी आणले जात होते. सावित्रीबाई त्यातच गेल्या. रोग एकच होता. एका ठिकाणी तपासणीच्या मागे काय येणार, याची लोकांना दहशत होती. दुसऱ्या ठिकाणी काय येणार, हे त्यांना दिसत होतं. म्हणूनच पेशंट एकटा असताना त्याला विचारावं, निदान एक्स-रेला नेता-आणताना विचारावं, आणि उत्तर घरच्यांच्या हाती पडणाऱ्या कागदावर लिहू नये. २०१७ च्या कायद्यानं मानसिक उपचारांबाबतची गुप्तता हा हक्कच केलाय.

आता सगळ्यात बळकट आक्षेप. मोजलं, चार खाटा सापडल्या, पुढे कोण? राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानं २०१५-१६ मध्ये सांगितलं की वेगवेगळ्या मानसिक विकारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना राहतात. तज्ज्ञच नाहीत तर शोधून काय उपयोग? हा आक्षेप घेणारे नकळत एक जुना आणि भक्कम नियम सांगत असतात. विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी रोगशोधनाचे निकष लिहिले, त्यात रोगावर मान्य उपचार हवा आणि तो देण्याची सोय हवी, हे स्वच्छ लिहिलंय. मी तो नियम मान्य करतो. पण ‘सोय’ म्हणजे मानसोपचारतज्ज्ञच, हे मी मान्य करत नाही, आणि याचा पुरावा आपल्या दोन्ही अंगांना आहे. ऐंशीच्या दशकात बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं याच राज्यातल्या बळ्ळारी जिल्ह्यात साध्या डॉक्टरांना आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकवून मानसिक उपचार तालुक्यापर्यंत नेले. १९९६ चा देशभरचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्यावरूनच उभा राहिला. आणि चोर्ला घाट उतरला की लागणाऱ्या गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २४ दवाखान्यांत, १२ सरकारी आणि १२ खासगी, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांना समुपदेशक म्हणून तयार केलं. प्रश्नावलीत ज्यांचा आकडा वर यायचा, त्यांच्याशी तेच पुढे बोलायला बसायचे. २०१० मध्ये निकाल आला: सरकारी दवाखान्यांत बरे होणारे स्पष्टपणे वाढले. खासगीत फरक पडला नाही, कारण तिथले डॉक्टर एरवीही पेशंटला ओळखून वेळ देत असावेत, असा एक अंदाज आहे. म्हणजे जिथं कुणी बसून बोलत नव्हतं, तिथंच तसं बोलण्याचं मोल दिसलं.

पुष्कळदा तर समुपदेशनाचीही गरज लागत नाही. वॉर्डात पडलेल्या माणसाला काय खातं हे कधी नीट ऐकलंत? म्हशीची धार कोण काढतंय. ऊस तोडायची पाळी आली आणि मी इथं. विडीचं पान भिजवून ठेवलं होतं, ते वाया गेलं असेल. रेशन कार्डावर नाव एक आणि आधारवर दुसरं, म्हणून योजना बसत नाही. सांगलीला दिलेल्या लेकीला कळवलंच नाही. गावाकडची शेवटची बस गेली की पोरगा रात्री कुठं झोपणार? डॉक्टरांनी सकाळी इंग्रजीत काहीतरी म्हटलं, ते वाईट होतं का बरं होतं? यातल्या निम्म्या गोष्टी वैद्यकीय समाजसेवक, योजनेचा मदतनीस किंवा पाच मिनिटं खाली बसून बोलणारा कनिष्ठ डॉक्टर सोडवू शकतो. गोळीची गरज लागणारे थोडे, आणि ते शोधण्यासाठीच हे बाकीचं आधी बाजूला करावं लागतं. आजारपणातलं दुःख हा रोग नाही, त्याला नाव चिकटवू नका, असं म्हणणाऱ्यांशी मी इथं पूर्ण सहमत आहे. फक्त त्यांना विचारतो: रोग नसलेलं दुःख न विचारता सोडून द्यायचं असतं का?

सुरुवात कुठून करायची, यावरही माझं ठाम मत आहे. सगळ्या दवाखान्यात सगळ्यांना सगळे प्रश्न, असला सोहळा नको. विषप्राशनाचे पेशंट, डायलिसिसचे, हृदयविकाराच्या झटक्यानंतरचे, कॅन्सरचे आणि बाळंतिणी, एवढ्यांनाच. दाखल झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकदा आणि घरी जाण्याआधी एकदा. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव कागदावर असावं आणि आकडा वर आला तर कुणी काय केलं, हा रकाना त्याच्या शेजारीच. तो रकाना रिकामा राहिला तर जाब त्या रिकाम्या रकान्याबद्दल मागावा. आकडा मोठा आल्याबद्दल कुणाला बोलू नये, नाहीतर उद्यापासून सगळ्यांचं मन झकास निघेल. दवाखान्यांची आपसांत तुलना या आकड्यावर कधीच करू नये. घरी गेलेल्यांसाठी १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा फुकट क्रमांक २०२२ पासून आहे, तो डिस्चार्जच्या कागदावर छापायला शाईखेरीज खर्च नाही. आणि कर्नाटकात ‘मनोचैतन्य’ कार्यक्रमात मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बसावेत, अशी योजना आधीपासून आहे. खानापूर, चिक्कोडी किंवा अथणीचा पेशंट बेळगावातून घरी सोडताना ‘पंधरा दिवसांनी दाखवा’ एवढंच लिहितात. तिथं ‘येत्या मंगळवारी, तालुक्याच्या दवाखान्यात’ असं लिहायचं आणि सोमवारी संध्याकाळी त्या गावच्या आशाताईंना एक फोन करायचा. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवा कायदा लागत नाही आणि हा कागद कुठल्या राज्याचा, असंही कुणाला विचारावं लागत नाही.